तीन आणि चार

त्या सकाळी पेइप्सी तळं इतकं सपाट होतं
की वाइके बाई म्हणाल्या, प्रतल प्रतल म्हणतात ते हेच.
वर काही नाही,
खाली काय आहे त्याचा आज विचार नको.

खाली पाणी होतं.
आणि फटीत, मागच्या दोन चाकांवर बसलेला
अनफीमकाकाचा कराकट:
जुन्या मोटरसायकलचं इंजिन, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूब,
तीन पोती मासळी
आणि काकाचा अख्खा हिवाळा.

कडी एक. कडीला दोर दोन.
एकावर काका आणि त्याचे दोन मेव्हणे,
दुसऱ्यावर माझे वडील झिनोवी आणि आमची घोडी.
मध्ये काटकोन. कुणी आखलेला नव्हे;
आजोबांच्या घराची वाटणी झाल्यापासून
दोघं एका दिशेला तोंड करून उभेच राहत नसत.
प्रार्थनेलाही एक दाराशी, एक खिडकीशी.

ओढलं.
दोर गुणगुणला, कराकट वीतभर वर आला
आणि उसासा टाकून परत बसला.

बाई निवृत्त. खरं तर मासळी घ्यायला आलेल्या.
बादली उपडी घातली, तिच्यावर बसल्या,
माझ्याकडून कोळसा मागून घेतला.
जोरात ओढा, असं त्या कधी म्हणत नसत.
विचारत: किती? आणि कुठे?

एक बूट म्हणजे पन्नास किलोंची ओढ.
घोडीचे चार बूट बर्फावर काढले,
जिथे ते संपले तिथून माणसांचे तीन, काटकोनात.
मग मला म्हणाल्या, चल, सुरुवातीपासून शेवटापर्यंत
सरळ चालत जा. मोज.

पाच भरले.
मी अकरा वर्षांची. म्हटलं, बाई, तीन नि चार सात.
दोन कुठे गेले?

बाईंनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग काकाकडे.
मधे पडले, म्हणाल्या.

निघायला सहा तरी हवेत.
एका रेषेत आलात तर सात होतील.
कुणी हललं नाही.
बाईंनी टाचेने बर्फ ठोकला, कान दिला.
नाहीतरी दोघांचा भार एका जागी सोसणार नाही हा.
साठ अंशांवर या.
जवळ, पण खांद्याला खांदा नको.

हे मात्र दोघांना पटलं.
तरी पहिलं पाऊल कुणाचं,
यावर सगळं तळं थांबलं.
शेवटी घोडीच सरकली.
तिला थंडी वाजतेय, वडील म्हणाले, कुणालाच नाही अशा आवाजात.
काकाने मिशीवरचा बर्फ पुसला
आणि तेवढंच इकडे आला.

पुढे कॉलेजात शिकवलं:
सारखी, समांतर, उलट दिशांची दोन बलं;
बेरीज शून्य, आणि तरी वस्तू
जागच्या जागी फिरत राहते. नाव, बलयुग्म.
बाकीच्यांनी व्याख्या पाठ केली.
मी त्या घरात जेवले होते.

कराकट निघाला.
फटीचा काठ करकरला, एक पोतं सुटून पाण्यात गेलं,
मेव्हण्यांपैकी धाकटा पाठीवर आपटला आणि हसला.
निघाला तोही मधोमध नव्हे,
घोडीकडे झुकून. तिच्या दोराशी पंचवीस अंश,
काकाच्या दोराशी पस्तीस.
काकाने ते पाहिलं. बोलला नाही.
वडिलांनीही पाहिलं,
आणि घोडीच्या तोंडातून लगाम काढत बसले, फार वेळ.

मी कोळशाने नवी आकृती काढली, पुन्हा चालले.
सहा बूट, आणि वर अंगठाभर.
हे अंगठाभर काय करायचं, बाई?
असू दे, म्हणाल्या. बादली उचलली.
कुणी पैसे घेतले नाहीत त्यांच्याकडून, मासेही कमीच होते.

संध्याकाळी भुरभुरलं. आधी तीन बूट झाकले, मग चार.

दुसऱ्या दिवशी आमच्या कुंपणावर
वडिलांचा दोर वाळत पडलेला,
नीट वेटोळं घालून, काकाच्या पद्धतीचं,
डावीकडून उजवीकडे.
आई म्हणाली, कोण आलं होतं?
वडिलांनी दोर खांद्यावर टाकला. कुणी नाही.
आणि आत नेऊन खुंटीला लावला
तसाच. वेटोळं न सोडता.